किरकोळ पुराची यादी

दुपारी दोनच्या सुमाराला निरोप तयार झाला आणि त्यात नेहमीप्रमाणे चूक काहीच नव्हती. नरियोडै ओढ्याला आज संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान किरकोळ पूर येण्याची शक्यता आहे. सखल रस्त्यांवर आणि काठच्या काही घरांत पाणी शिरेल. नागरिकांनी घाबरून जाऊ नये. तंजावूरच्या एका सरकारी कचेरीत बसून मुरलीकृष्ण गेली एकोणीस वर्षं हे वाक्य तमिळमध्ये लिहीत आला होता. ते हाताला इतकं सवयीचं झालं होतं की लिहिताना तो कॉफी पीत असे, फोनवर बोलत असे, आणि एकदा तर त्याने ते झोपेत लिहिलं असं त्याच्या हाताखालचा सतीशकुमार सगळ्यांना सांगत फिरे. किरकोळ म्हणजे पुलाजवळच्या मोजपट्टीवर दोन मीटर दहाच्या वर आणि दोन साठच्या खाली. किरकोळ म्हणजे घोट्यापासून नडगीपर्यंत. निरोप पाठवण्याआधी बाधित घरांची यादी एकदा डोळ्यांखालून घालायची असते, तशी त्याने घातली. अठरा दारं होती. सतरा दरवर्षीचीच होती, लग्नाच्या आमंत्रणातल्या नावांसारखी पाठ झालेली. अठरावं नवं होतं. दार क्रमांक नवा एकतीस, जुना चौदा. वासुकी, वय साठ. रुग्ण एक, स्त्री, वय शहाऐंशी, उठता येत नाही. वासुकी ही मुरलीकृष्णाची थोरली बहीण आणि ती एक रुग्ण स्त्री म्हणजे त्याची आई. त्याने ओळ पुन्हा वाचली. वय बरोबर होतं, दोन्ही क्रमांक बरोबर होते. आईला आपण यापूर्वी कधी असं ओळीत बसवलेलं पाहिलं नाही, एवढंच त्याच्या मनात आलं, आणि मग त्याने निरोप पाठवून दिला.

एकतिसाव्या दाराला पूर्वी कधी पाणी लागलं नव्हतं. राजवाड्याच्या मागे, जिथे जुन्या मराठी घरांच्या गल्ल्या संपतात आणि ओढ्याचा उतार सुरू होतो, तिथे ते घर ओळीत शेवटून चौथं. ओढा भरला की पाणी समोरच्या बाजूच्या घरांत जायचं आणि अलीकडची बाजू ओट्यावर बसून ते पाहायची. लहानपणी मुरलीकृष्णानेही पाहिलं होतं, मांडीवर मुरुक्कूचा, म्हणजे तमिळ चकलीचा, डबा घेऊन. दोन वर्षांपूर्वी गल्लीतला रस्ता नव्याने झाला तो दीड फूट उंच झाला, आणि ज्या घराच्या ओट्यावर चढायला पूर्वी दोन पायऱ्या होत्या तिथे आता एकच उरली. यंदा संगणकाने नवी उंची घेतली, नकाशावरची निळी रेघ अलीकडे सरकली, आणि एकतीस क्रमांक तिच्या आत आला. हे सगळं त्याला समजत होतं. समजणं हा त्याचा धंदाच होता. त्याला असंही समजत होतं की आई गेल्या वर्षी खाटेवरून पडल्यापासून जमिनीवर गादी घालून झोपते, कारण त्याची बायको भुवना महिन्यातून एकदा तिकडे गोळ्या पोहोचवायला जाते आणि परत आल्यावर, तो विचारत नसतानाही, सगळं सांगते. घोट्याएवढं पाणी चालत्या माणसाला किरकोळ. जमिनीवर झोपलेल्या आणि स्वतः कूस न बदलता येणाऱ्या माणसाला ते किती, याचा रकाना यादीत नव्हता.

प्रत्येक बाधित दाराशी जाऊन तोंडी सांगायचं आणि कागदावर सही आणायची अशी पद्धत आहे. ते काम सतीशकुमारचं. तो पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, रेनकोटची टोपी घातली की पोत्यासारखा दिसणारा माणूस. पण अठरा सह्या तो दीड तासात आणतो. यादी त्याच्या हातात देताना मुरलीकृष्णाच्या तोंडावर आलं होतं की अठराव्या दाराशी माझी आई आहे. त्याने ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सतीशकुमार म्हणाला असता, मग सार, तुम्ही इथे काय करताय? हा प्रश्न वाजवी होता आणि त्याचं उत्तर लांब होतं. तो खिडकीशी उभा राहिला. पावसात सतीशकुमारची स्कूटर तीनदा किक मारून सुरू झाली. मुरलीकृष्णाला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली. दोन्ही गोष्टी त्याने शांतपणे नोंदवल्यासारख्या मनात ठेवून दिल्या.

लांब उत्तर असं होतं. त्याचे वडील, हनुमंतराव, पापनाशमच्या शाळेत ड्रिल मास्तर होते आणि तीस वर्षं रोज रेल्वेने जाऊन-येऊन होते. एका आश्विनात, वद्य पंचमीला, दुपारची कॉफी पिऊन ते खुर्चीत टेकले आणि पेला खाली ठेवायचा राहून गेला. वर्षभराने पहिलं श्राद्ध आलं. त्यांच्या घरात तिथी चंद्राच्या महिन्याने धरतात. तंजावूरात येऊन साडेतीनशे वर्षं झाली, पोटात सांबार गेलं, अंगावर वेष्टी आली, लिपी विसरली, पण मेलेल्या माणसाचा दिवस मात्र आश्विन वद्य पंचमी असाच राहिला. आजूबाजूचे तमिळ लोक तिथी धरतात, पण महिना सूर्याचा घेतात. दोन वर्षं दोन्ही हिशेब एका दिवशी येतात आणि तिसऱ्या वर्षी महिन्याने फटकतात. तंजावूरच्या मराठी घरांतल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. मुरलीकृष्णालाही माहीत होतं. पण कचेरीत ओढ्याच्या नोंदी ऐप्पसी, कार्तिगै अशा तमिळ महिन्यांनी ठेवता-ठेवता त्याचं डोकंच त्या महिन्यांत चालू लागलं होतं. त्यांच्या घरचे मराठी भटजी चेन्नईला मुलाकडे निघून गेले होते, म्हणून त्याने फ्लॅटजवळच्या तमिळ वाध्यारांना, म्हणजे तिथल्या भटजींना, विचारलं: वडील ऐप्पसी महिन्यात गेले, कृष्ण पंचमी होती, यंदा कधी येतं? वाध्यारांनी पंचांग उघडून तारीख सांगितली. उत्तर अगदी बरोबर होतं. विचारलं तेच चुकलं होतं. आणि वासुकीने त्याला दिवस कळवला नाही, कारण बापाची तिथी मुलाला कळवायची असते हे तिच्या स्वप्नातही आलं नाही.

त्या दिवशी, म्हणजे खऱ्या दिवशी, तो चाळीस मैलांवर एका बंधाऱ्याच्या दाराची तपासणी करत होता. फोन स्कूटरच्या डिकीत होता. दुपारी हॉटेलात त्याने छोट्या कांद्याचं सांबार दोनदा मागून घेतलं, ते फार चांगलं होतं, त्याची चव त्याला अजून आठवते. चार वाजता डिकी उघडली तर सतरा फोन येऊन गेलेले. इकडे घरी वासुकीने पहाटेपासून ओल्या साडीत स्वयंपाक केला होता, दोन ब्राह्मण येऊन एक वाजेपर्यंत ओट्यावर बसले होते आणि मग दुसरीकडे जायचं म्हणून उठून गेले होते. आई दिवेलागणीपर्यंत पाणीही न घेता बसून होती. तुझा बाप दारातून उपाशी परत गेला, असं आई म्हणाली, पण ते त्याला नव्हे. ते त्याला भुवनाकडून कळलं. त्याने वासुकीला फोन लावला तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली की काही नाही, ठेवते. म्हणाली तमिळमध्ये.

त्यांच्या लोकांत हे असं आहे. मराठी घराच्या आतली. आईशी, भावंडांशी, देवघरात, पोर रडायला लागलं की, दुधाला उतू आलं की. तमिळ उंबऱ्याबाहेरची, दुकानदाराशी, कचेरीत, तमिळ घरातून आलेल्या सुनेशी. भांडण कितीही पेटलं तरी मराठीत होतं तोवर ते घरातलं असतं, शिव्या दिल्या तरी दुसऱ्या दिवशी जेवायला वाढतात. पण एखाद्याने आपल्या माणसाशी तमिळमध्ये बोलायला सुरुवात केली, तुम्ही-आम्ही करून, गोड, व्यवस्थित, की समजायचं, दार लागलं. त्याच्या आत्याने सासरच्या एका दिराशी चोवीस वर्षं तमिळ ठेवली होती आणि तो मेला तेव्हाही ती तमिळमध्ये रडली. मुरलीकृष्ण हे सगळं जाणून होता. आणि तरीही त्याने काय केलं, तर चौथ्या दिवशी दोन पंचांगं काखेत मारून तो गल्लीत गेला. एक मराठी पद्धतीचं, एक तमिळ. ओट्यावर उभं राहून त्याने वासुकीला समजावून सांगितलं की सूर्याचा महिना कुठे सुरू होतो, तिथी कुठे पडते, आणि आपापल्या नियमाने दोन्ही तारखा कशा बरोबर आहेत. तो फार स्पष्ट बोलला. पडलो तरी नाक वर म्हणतात ते हेच, पण त्या वेळी त्याला ते केवळ स्पष्टीकरण वाटत होतं. वासुकीने सगळं ऐकून घेतलं. ती आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली बाई. तिला त्यातलं काहीच नवीन नव्हतं. शेवटी ती तमिळमध्ये म्हणाली, “सरि, सार.” बरं साहेब, समजलं. आणि आत गेली. याला सात वर्षं झाली. तेव्हापासून तो आपल्या फ्लॅटवर वाध्यारांच्या दिवशी श्राद्ध करतो आणि ती आपल्या घरी आश्विन वद्य पंचमीला स्वयंपाक करून पान गाईला घालते. दोन वर्षं दोन्ही घरांत एकाच दिवशी तेच वडे तळले जातात आणि तिसऱ्या वर्षी हनुमंतरावांना महिन्याच्या अंतराने दोनदा बोलावणं जातं. मुरलीकृष्णाला यात गंमत दिसते. ती कुणाला सांगण्यासारखी नाही.

साडेतीनला सतीशकुमार परत आला. टोपीतून पाणी गळत होतं. त्याने कागद टेबलावर पसरले, एक-एक करून सरळ केले. सतरा सह्या होत्या.

“एक घर राहिलं, सार. एकतीस.”

“का?”

“बाई सही करत नाही. पेशंट आहे घरात, जमिनीवरच झोपवलंय. मी म्हटलं, माडीवर हलवा, मी हात लावतो. तर म्हणाल्या, पाणी कुणी मोजलं? मी म्हटलं, आमच्या सारनी. नाव विचारलं, मी सांगितलं.” सतीशकुमारने रुमालाने मान पुसली. “तर म्हणाल्या, मग त्यांनाच येऊन सांगू दे. आणि तारीख-वेळ नीट सांगायला सांग त्यांना.”

“असं म्हणाल्या?”

“हसतच म्हणाल्या, सार. डोक्याने जरा हे असतील.”

मुरलीकृष्णाने पुलावरचा आकडा विचारला. दोन मीटर एकतीस. तो वाढत होता, पण शिस्तीत वाढत होता. त्याने छत्री घेतली, मग ठेवून दिली आणि रेनकोट घेतला, मग कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला. ही सगळी कामं तो हळू करतो आहे हे त्याला दिसत होतं. सतीशकुमारने विचारलं, मी येऊ का, तर तो नको म्हणाला.

पूर्वेच्या वेशीपासून पुढे टाउन बस जाईनाशा झाल्या होत्या. एक बस वळणावरच उभी होती आणि कंडक्टर पायरीवर बसून केळं खात होता. लोक घाबरलेले मुळीच दिसत नव्हते, निरोपात सांगितल्याप्रमाणे. दुकानदार खालच्या फळीवरचा माल वरच्या फळीवर ठेवत होते, एक म्हातारा रिक्षाच्या चाकाशी पाण्यात काडी रोवून ते किती चढतं ते बघत होता. ही त्याची स्वतःची मोजपट्टी. स्कूटर राजवाड्याच्या भिंतीशी लावून मुरलीकृष्ण पायी निघाला. गल्लीत शिरताच पाणी चपलेवरून आत आलं. ते कोमट होतं, याचं त्याला आश्चर्य वाटलं. एकोणीस वर्षांत त्याने या ओढ्याचं पाणी मीटरमध्ये पाहिलं होतं, पायाला लावून पाहिलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, असं त्याला वडील एकदा म्हणाले होते, नोकरी लागली तेव्हा, लाडानेच. पाण्यावर तांदळाच्या पिठाचा पांढरा तवंग होता, कुणाच्या तरी दारची रांगोळी. त्याच्या मनात आलं, ती सही करील, मी कागद घेईन, आईला सतीशकुमारकरवी हलवीन, आणि आपण उंबऱ्याबाहेरच राहू. हे त्याला जमण्यासारखं वाटलं. आणि त्याच वेळी त्याला आत जायचं होतं.

वासुकी दारातच उभी होती, साडी नडगीच्या वर खोचून. केस पार पांढरे झालेले. भुवनाने हे सांगितलं नव्हतं.

“वांग, सार,” ती म्हणाली. या, साहेब. पुढचंही सगळं तमिळमध्येच, तुम्ही-आम्ही करून.

त्याने पिशवीतून कागद काढला आणि तमिळमध्येच वाचून दाखवला. वाचताना आवाज कचेरीतला आला, त्याचा त्याला आधार वाटला.

“तारीख आजचीच ना?” तिने विचारलं.

“आजचीच.”

“कोणत्या हिशेबाने?”

तिच्या मागे, आतल्या खोलीत, त्याला गादी दिसली. त्यावर पांढरी चादर, चादरीखाली थोडासा उंचवटा, आणि भिंतीकडे वळलेलं डोकं. गादी चार बोटं जाड असेल. हे त्याने पाहताक्षणी मोजलं. न मोजता त्याला पाहता येत नाही. ओट्याची एक पायरी बुडायला वीतभर राहिली होती.

“किती येणार पाणी?”

“किरकोळ. घोट्यापर्यंत. फार तर नडगी.”

“मग हलवायचं कशाला? किरकोळ म्हणता आणि हलवायला सांगता. वर नेताना ती पडली तर? एक हाड आधीच गेलंय.” तिचा आवाज चढला नव्हता. वर्गात उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारावा तसं ती विचारत होती. “नक्की सांगा, सार. तुमची पट्टी बरोबर आहे?”

त्याच्याकडे स्पष्टीकरण होतं. पट्टी पुलाजवळ आहे, पूल गल्लीपासून सहाशे मीटरवर, रस्त्याची उंची बदलली, त्यामुळे मधला उतार धरावा लागतो, आणि नियमाप्रमाणे धरला तर येणारा आकडा बरोबर आहे. ते सगळं ओळीने त्याच्या तोंडाशी येऊन उभं राहिलं. त्याने तोंड उघडलं. आणि ती ओट्यावर उभी, आपण पाण्यात उभे, हातात कागद, हे असंच पूर्वी एकदा झालेलं आहे, तेव्हा हातात पंचांगं होती, हे त्याला एकदम इतकं स्वच्छ दिसलं की स्पष्टीकरणातला पहिला शब्दच सापडेना.

“माहीत नाहीं, अक्का,” तो म्हणाला. हे मराठीत आलं. त्याने ठरवलं नव्हतं. “पट्टी जुनी आहे. माझं चुकलें असेल.”

वासुकीचा हात दाराच्या चौकटीवर गेला.

“आणि तेव्हांही माझंच चुकलें,” तो म्हणाला. एकदा सुटलेलं वाक्य थांबत नव्हतं, आणि त्याची मराठी सात वर्षं न वापरल्यामुळे अडखळत होती, लहान पोराची असावी तशी. “मी विचारलेंच चुकीचं. बाबांचा दिवस मला माहीत होता. मी विसरलों. पंचांगाचं अस्कं खोटं, सगळंच खोटं. मी विसरलों, येवढंच.”

गल्लीतून कुणीतरी बादली वाजवत गेलं. वासुकीने पदराने तोंड पुसलं, दोनदा.

“सात वर्षं लागली तुला येवढं म्हणायला,” ती म्हणाली. मराठीत म्हणाली. तिचा आवाज मराठीत निराळाच होता, जाड, थोडा चिडका, आईसारखा. “आंत ये. चप्पल काढूं नोको, पाणी येतंय.”

त्याने उंबरा ओलांडला. त्याला रडू येत होतं आणि ते त्याने येऊ दिलं नाही, कारण काम होतं. आत फिनेल आणि कढीपत्त्याचा वास होता. वासुकी सांगत होती की काय-काय वर नेलं, काय राहिलं, गॅसची टाकी कशी हलत नाही. ती सात वर्षांचं एकदम बोलत होती आणि मध्येच त्याला रागे भरत होती. “मला नोको सांगूं चुकलें म्हणून,” ती म्हणाली. “उपाशी मी नव्हतें बसलें. तिला सांग. रात्रंदिवस दाराकडे बघून होती ती त्या वर्षीं. आतां कधीं ओळखते, कधीं नाहीं. पण सांग तिला. तिच्या कानीं जाऊं दे.”

आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. वासुकीने तिला जुन्या साडीच्या फाडलेल्या पदराने खुर्चीला बांधलं, मंगळसूत्राच्या जुन्या वळणाच्या खुणेखालून, काखेतून, मागे गाठ. त्याने मागचे दोन पाय धरले, तिने पुढचे. जिना अरुंद होता, चौदा पायऱ्या. खुर्ची उचलली तेव्हा ती एकदम वर आली, इतकी की त्याचा तोल गेला. त्याने मोठ्या वजनाची तयारी केली होती. माणूस इतकं हलकं होऊन कसं चालतं, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. नवव्या पायरीवर वासुकी दम खायला थांबली आणि खुर्ची त्याच्या छातीशी टेकली. आईचं डोकं त्याच्या हनुवटीखाली होतं. तेल लावलेले, विरळ, पांढरे केस. तो हलला नाही. वासुकीने पुन्हा उचल म्हटलं तेव्हा त्याला ते नको होतं, अजून थोडा वेळ असंच जिन्यात अडकून राहावं असं त्याला मनापासून वाटलं.

माडीवरच्या खोलीत वासुकीने आधीच चटई घालून वर जाड रजई पसरली होती. त्यांनी आईला तिच्यावर, भिंतीला टेकवून बसवलं. खिडकीतून गल्ली दिसत होती. पाणी पायरीवर चढलं होतं, सव्वापाच वाजले होते, निरोपात दिलेल्या वेळेतच. वासुकी गॅसच्या टाकीचं बघायला खाली निघाली आणि दाराशी थांबली. तिने त्याच्याकडे पाहून भुवई उंचावली. सांग.

मुरलीकृष्ण आईसमोर गुडघ्यांवर बसला. रेनकोट अजून अंगात होता, गळ्यात कचेरीचं ओळखपत्र लोंबत होतं, पॅन्टमधून पाणी रजईवर ठिबकत होतं. आईने त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे तेच होते, स्वच्छ, जरा चेष्टेखोर.

“आई,” तो म्हणाला, “बाबांच्या दिवशीं मी आलों नाहीं. तुला उपाशी ठेवलें मी. माझं चुकलें.”

आईने सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग तिने हात उचलला, ओळखपत्रावर आलेला पाण्याचा थेंब बोटाने पुसला आणि हसली.

“परवायिल्लै, सार,” ती म्हणाली. हरकत नाही, साहेब. तिची तमिळ भाजीवाल्याशी, पोस्टमनशी बोलायची, आदबीची तमिळ. “चूक कुणाची होत नाही? तुम्ही पावसात एवढे आलात, तेच खूप झालं.”

“आई,” दारातून वासुकी म्हणाली. “सार काय म्हणतेस? मुरली आहे तो. आपला मुरली.”

आईने मान वळवून मुलीकडे पाहिलं. तिच्याशी ती मराठीत बोलली, हळू, परक्या माणसासमोर घरातलं बोलावं तशी.

“मुरली ऑफिसाला गेलाय. पाणी आलंय ना, त्याला आज उशीर होईल.”

वासुकीने तोंडावर पदर धरला. ती खाली गेली नाही आणि आतही आली नाही.

“बसा, सार,” आई पुन्हा तमिळमध्ये म्हणाली आणि खोलीतली एकुलती एक खुर्ची त्याला दाखवली. “कॉफी घेऊनच जा. माझा मुलगाही तुमच्याच खात्यात आहे. येईलच तो आता.”

मुरलीकृष्णाने खुर्चीला बांधलेला पदराचा ओला तुकडा बाजूला केला. “सरि, अम्मा,” तो तमिळमध्ये म्हणाला. मग तो खुर्चीवर बसला, आणि ती पाहत होती तिकडे, जिन्याच्या दाराकडे पाहत राहिला.